चव सांगणारा

शुक्रवारी संध्याकाळी व्हिटबीला पोचल्यावर
नेव्हिलने पार्किंगचं तिकीट काचेमागे ठेवलं,
ते बाहेरून दिसतंय ना, दोनदा वाकून पाहिलं.
मॅव्हिस तोवर समुद्राकडे तोंड करून
नाकाने हवा ओढत होती,
रिकामी बाटली उपडी धरून
थेंबाची वाट बघावी तशी.
"काही?" त्याने विचारलं.
"गार," ती म्हणाली. "नुसतं गार."

हिवाळ्यातल्या तापात तिचा वास गेला,
वासामागोमाग चव.
येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कधी, ते नाही म्हणाल्या.
मुलीने ही सहल भेट दिली होती त्याच्या आधी:
दोन रात्री, दोन न्याहाऱ्या, एक खास जेवण,
पैसे परत मिळणार नव्हते.

खास जेवणाला मेणबत्ती होती,
आणि इतकी मोठी ताटली की खेकडा त्यात हरवलेला.
"कसा आहे?"
"छान."
"छान म्हणजे?"
"दहापैकी सात."
अडतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली टॉर्च घेऊन
गॅसचे मीटर वाचलेला माणूस. त्याला आकडे येत.
"आकडा नको. चव सांग."
तो चावत राहिला. शेजारच्या टेबलावर
कुणाचा तरी वाढदिवस येऊन गेला.
"गोड आहे," तो शेवटी म्हणाला, "पण लाजून."
ती हसली. मग तिने आपला घास
त्या शब्दाबरोबर गिळला.

शनिवारी मठाच्या पायऱ्या.
त्याच्या एकशे नव्याण्णव झाल्या, तिच्या एकशे सत्त्याण्णव.
दोन पायऱ्या कुठे गेल्या यावर
ते वरच्या दफनभूमीपर्यंत भांडले.
मठाला छप्पर नाही, खिडक्यांना काचा नाहीत.
"एवढं तिकीट," नेव्हिल म्हणाला, "आणि नुसती भोकं."
"खिडक्याच आहेत त्या," मॅव्हिस म्हणाली
आणि तिथून बराच वेळ बाहेर बघत उभी राहिली;
खरं तर ती बाहेरच होती.

दुपारी धक्क्यावर मासा आणि चिप्स.
आता त्याला विचारावं लागलं नाही.
"व्हिनेगर. तुझ्या आईच्या काचा.
शनिवारी वर्तमानपत्राने पुसायची बघ,
आणि मी आलो की तोच हात पुढे करायची."
"आणि मासा?"
"मासा म्हणजे..."
तेवढ्यात एका समुद्रपक्ष्याने
मासा कागदासकट उचलला.
नेव्हिल त्याच्यामागे वीस पावलं धावला,
गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस,
हातात लाकडी काटा.
बाकावरचे सगळे टाळ्या वाजवत होते.
मॅव्हिसला हसून हसून ठसका लागला,
डोळे पुसत ती म्हणाली, "हा घास मला पूर्ण लागला."

रात्री खोलीत तो झोपेत बडबडला:
खारट, तुरट, नाही, तुरट नाही.

रविवारी निघताना धुराची गल्ली.
काळ्या लाकडी दारामागे हेरिंग टांगलेले,
ओकचा धूर भिंतीतून पाझरणारा.
रांगेतली माणसं नाकं वर करून उभी.
मॅव्हिस एकदम थांबली.
"काही करपलंय का?"
नेव्हिलने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं,
पण धुरात ते सगळ्यांच्याच होतं.
त्याने काही विचारलं नाही.
दोन ऐवजी चार मासे घेतले.

परतीच्या वाटेवर, माळावर, जांभळं गवत संपता संपता,
मागच्या सीटवर तीन पिशव्यांत बांधलेले ते चार
गाडीभर पसरले.
"आठवडाभर जाणार नाही हा," तो कुरकुरला
आणि बटण दाबून तिच्या बाजूची काच खाली केली.
डोंकास्टर अजून साठ मैल.
मॅव्हिस काही बोलली नाही.
थोड्या वेळाने तिने
काच वर केली.